बरणी मांडीवर घेऊन रिसोडला

वाशीम जिल्ह्यातून परत आल्यापासून आमच्या गल्लीत मला दोनच प्रश्न विचारले जातात. तिकडं पाणी आहे का, आणि तिकडं खायला काय मिळालं. कोल्हापूरकडचा, आजऱ्याचा माणूस पावसात आणि भातात वाढलेला. परमुलखाबद्दल त्याला याहून जास्त काळजी नसते. दोन्ही उत्तरं पुढं देतेच. पण मी फिरायला गेले नव्हते. माझ्या मांडीवर काचेची एक बरणी होती आणि जाताना सगळं लक्ष तिच्यात होतं. त्यामुळं मी पाहिलेला मुलूख थोडासा त्या बरणीच्या काचेतूनच पाहिलेला आहे, हे आधी सांगून टाकते.

बरणीत पांढुरके मणी होते, पाण्यात बुडवलेले. भिजवलेला साबुदाणा दिसतो अगदी तसे. समुद्री शेवाळापासून एक चिकट द्राव मिळतो. त्यात जिवाणू कालवायचे आणि तो सुईतून थेंब थेंब कॅल्शियमच्या पाण्यात सोडायचा. थेंब पडला की तिथल्या तिथं घट्ट होतो. जिवाणू आत अडकतात, पण मरत नाहीत. पाणी मण्याच्या आतबाहेर करू शकतं, ते मात्र वाहून जात नाहीत. आमचे जिवाणू कापडाच्या रंगावर काम करणारे होते. रंगाच्या रेणूत एक सांधा असतो, तो ते तोडतात, आणि सांधा तुटला की रंग दिसेनासा होतो. प्रयोगशाळेत मी हे कितीतरी वेळा पाहिलं होतं. प्रयोगशाळेच्या बाहेर एकदाही नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील भाताच्या गिरणीत पोती उचलतात. मी काय शिकते हे त्यांना नीटसं कळत नाही, पण निघताना बरणी त्यांनी स्वतः गोणपाटात गुंडाळून दिली आणि म्हणाले, "फुटली तर रडत बसू नको, फोन कर." एवढ्या मायेनं बांधलेली वस्तू फुटू नये याचंच मला जास्त ओझं झालं.

जायचं कारण असं. रिसोडच्या एका रंगाऱ्यानं, रशीदभाईंनी, आमच्या प्रयोगशाळेच्या सरांची मुलाखत रेडिओवर ऐकली आणि शोधत शोधत त्यांचा फोन मिळवला. त्यांच्या अंगणातून निघणारं लाल पाणी नालीनं शेजारच्या भाजीच्या मळ्यात जात होतं. मळेवाल्यांनी मुदत दिली होती: येत्या रविवारी आम्ही बघायला येतो, पाणी लालच दिसलं तर नाली दगडमातीनं बुजवून टाकू. नाली बुजली की रंगकाम बंद, आणि तेही लगीनसराईच्या तोंडावर. सर स्वतः जाणार होते. पण त्यांना डॉक्टरांनी प्रवास मना केला, आणि ते मला म्हणाले, "तू जा. मणी तू केलेस, त्यांचं तुला जास्त कळतं."

मला कळत नव्हतं, हीच भीती होती. मणी जिवंत आहे की मेला, हे बघून ओळखता येत नाही. मेलेला मणीही तसाच गोल आणि पांढरा दिसतो.

वाशीम ते रिसोड

रेल्वेचा प्रवास सोडून देते; त्यात बरणीभोवतीचा बर्फ वितळला याखेरीज काही घडलं नाही. वाशीमला सकाळी उतरले तेव्हा चांगलीच थंडी होती. उन्हाळा लागण्याआधीचे दिवस. आमच्याकडं या दिवसांत सकाळी धुकं डोंगराला धरून बसतं. इथं डोंगरच नाही, त्यामुळं सगळं आभाळ एकदम अंगावर येतं. थंडीची मला वेगळीच काळजी. उकाड्यात जिवाणू मरतात म्हणून बर्फ आणला होता, आणि आता थंडीनं ते सुस्त पडतील म्हणून बरणी शालीत गुंडाळली. स्टँडवर शेजारी बसलेला माणूस बराच वेळ माझ्याकडं बघत होता. कुणीतरी लहान मूल गुंडाळून घ्यावं तशी मी बसले असणार.

रिसोडच्या बसमध्ये कंडक्टरनं आपुलकीनं सुचवलं, "मॅडम, ते डबं इंजनापाशी ठेवा, तिथं जागा हाय." इंजिनाचं झाकण हात लावला तर भाजत होतं. मी नको म्हणाले आणि बरणी मांडीवर घेतली. मग एका छोट्या बाटलीत लाल रंगाचं पाणी आणि चमचाभर मणी घालून ती मुठीत धरली. मणी जिवंत असतील तर बाटलीतला रंग उतरायला हवा. जिवंतपणाची माझ्याकडं ही एवढीच परीक्षा होती.

शेजारी एक मावशी बसल्या होत्या, पायाशी भाजीची पाटी. त्यांनी बरणीत वाकून पाहिलं.

"काय व माय, साबुदाना भिजवून आनला का? आज कोनता उपास हाय?"

"साबुदाणा नाही मावशी. यात जिवाणू आहेत."

"जिवानू म्हंजे?"

"दह्यात असतात ना, विरजणात, तसे."

"मंग दह्यावानी झाकून ठेव नं. उघडं कायले धरून राह्यली?" असं म्हणून त्यांनी स्वतःच शालीचं टोक बरणीवर ओढलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, "अन् ह्या मुठीत काय दाबून राह्यली?"

मी मूठ उघडून बाटली दाखवली. लाल होती तशीच होती.

खिडकीबाहेर काळी, सपाट जमीन. गहू पिवळा पडत चाललेला, हरभरा वाळायला आलेला, बांधावर मधूनच एखादा पळस पेटल्यासारखा. आमच्याकडं नजर शंभर पावलांवर कशाला तरी अडते. इथं ती जाते आणि जातच राहते. दुसऱ्या कुठल्या दिवशी मला ते फार आवडलं असतं. वाटेतलं रिठद गाव आलं तशा मावशी उठल्या, पाटीतला हिरव्या हरभऱ्याचा एक टहाळ माझ्या मांडीवर टाकला आणि म्हणाल्या, "खाय. तुह्या दह्याले पन दे." उतरता उतरता त्यांनी पुन्हा माझ्या मुठीकडं पाहिलं. "व माय, हे तर फिकं पडून राह्यलं!"

मी बाटली उजेडात धरली. खरंच, बीटाच्या रसासारखा रंग होता तो आता कोकमाच्या सरबतासारखा दिसत होता. मावशींना सांगायला मान वर केली, तोवर बस हलली होती. मी टहाळ सोलून सगळे दाणे खाऊन टाकले. मला भूक लागली आहे हे तेव्हा कळलं.

रंगाचं अंगण

रशीदभाई स्टँडवर उभे होते. उंच, शेलाटे, आणि दोन्ही पंजे मनगटापर्यंत जांभळे. त्यांनी नमस्कार केला आणि आधी विचारलं, "बरनी सलामत हाय?" माझा प्रवास कसा झाला हे त्यानंतर.

त्यांचं घर गावाच्या कडेला. अंगणात तांब्याचे हंडे, खाली चुली, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्यांवर फेट्यांची लांबच लांब कापडं वाळत घातलेली: लाल, केशरी, आंबा रंगाची. लग्नाचे फेटे. खालून कापडांचे थेंब गळत होते आणि फरशीवरून वाहत कडेच्या नालीत जात होते. नालीपलीकडं लगेच मळा. मेथी, पालक, वांगी आणि सांबार. सांबार म्हणजे तिकडं कोथिंबीर. पहिल्या दिवशी जेवताना 'सांबार' ऐकून मी आमटीची वाट बघत बसले होते.

मळा कमलकाकूंचा. नवरा गेल्यापासून त्या एकट्या तो कसतात आणि बाजारात स्वतः बसून विकतात. मी आल्याचं कळताच त्या नाली ओलांडून आल्या.

"हे पोरगी? मले वाटलं ट्रक येते, मशीन येते. मशीन कुठं हाय?"

"मशीन नाही काकू. यात आहे सगळं," मी बरणी दाखवली.

त्यांनी बरणीकडं पाहिलं, मग रशीदभाईंकडं. "रशीद, तुले कोनी ठगवलं रे."

"ठगवलं तर ठगवलं. तुमाले तर काही लागत नाई त्यात," रशीदभाई हसत म्हणाले.

"मले कसं नाई लागत? बाजारात बाया माही जुडी उलटीपालटी करून पायतात. म्हनतात, कमलबाई, धुतल्यावर लाल पानी तर नाई निंघत? तुह्या रंगानं माही मेथी बदनाम झाली." मग आवाज एकदम खाली आणून त्या आत बघत म्हणाल्या, "शमीम, कढी केली का व आज? वास येऊन राह्यला."

शमीमभाभी, रशीदभाईंच्या पत्नी, आधीच वाटी घेऊन बाहेर येत होत्या. मला वाटलं होतं की मी भांडणात चालले आहे. इथं तर दोन्ही घरांच्या वाट्या रोज नालीवरून ये-जा करत होत्या. कमलकाकू नाली बुजवायच्या बाजूच्या नव्हत्या, त्या बाजूचे होते ते नालीच्या खालच्या अंगाला मळे असलेले लोक. पण त्यांना अडवायला काकूंकडं कारण नव्हतं. ते कारण माझ्या बरणीतून निघायचं होतं.

मांडणी साधी होती. वर निळा ड्रम, त्यात कापड खळबळलेलं लाल पाणी आणि जिवाणूंच्या खुराकाला थोडा गूळ. ड्रममधून पाणी थेंब थेंब उभ्या पाइपात. पाइपात मणी भरलेले, हवा बंद. तिथं रंगाचा सांधा तुटायचा. खाली उघडी टाकी, तिच्यात मासे पाळणारे लावतात तसला हवेचा पंप आणि दुसऱ्या जातीचे मणी, तुटलेल्या तुकड्यांचा पुढं निकाल लावायला. हे दुसरं काम मंद चालतं. आमचं कच्चं अंग तेच होतं. रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झालं असं नाही, हे मी कमलकाकूंना पहिल्याच दिवशी सांगितलं. "काकू, माळ तुटली की माळ दिसत नाही, पण मणी जमिनीवर पडलेले असतातच. ते वेचावे लागतात."

"मंग वेच नं," त्या म्हणाल्या. "त्याच्यासाठीच आली नं तू?"

पहिल्या दिवशी पाइपातून बीटाचाच रस पडला. मी जेवायला बसले तरी कान थेंबांकडं. कमलकाकूंनी मला आग्रहानं त्यांच्याकडं जेवायला नेलं होतं: ज्वारीची भाकर, पिठलं, आणि पिठल्यात मध्ये खळगा करून वरून कच्चं तेल. आम्ही तेल असं वरून घेतलं तर आई ओरडेल. ठेचा इतका तिखट की डोळ्यांना पाणी आलं. मी पुन्हा पुन्हा ताटातल्या भाताच्या रिकाम्या कोपऱ्याकडं बघत होते ते त्यांनी ओळखलं. "भात नाई खाल्ला तर झोप येत नाई का व तुमाले?" भात त्यांनी दुसऱ्या दिवशी केला, फक्त माझ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी पाणी चहासारखं दिसू लागलं. तिसऱ्या दिवशी दूध जास्त झालेल्या चहासारखं. रशीदभाई दर थोड्या वेळानं काम सोडून यायचे, पेला धरायचे, उजेडात बघायचे आणि परत कामाला लागायचे. कमलकाकूंनी एकदा त्यांना धरलंच. "काऊन रे रशीद, जिंदगीभर तू रंग चढवला, अन् उतरवायले कोल्हापूरकडची पोरगी लागली!" शमीमभाभी मण्यांना पाहुणे म्हणू लागल्या होत्या. सकाळी गुळाचं पाणी ड्रममध्ये घालताना म्हणायच्या, "पाहुन्याइले च्या दिला."

मला मात्र बरं वाटायला भीती वाटत होती. आमच्या घरात चांगलं होत असताना कुणी मोठ्यानं बोलत नाही. बारावीचा निकाल लागला तेव्हाही वडील आधी गिरणीत जाऊन आले आणि मग हसले.

पाहुणे येणार म्हणून

शनिवारी कमलकाकू मला बाजार दाखवायला घेऊन गेल्या. सोयाबीनचे, हरभऱ्याचे ढीग, जीपवाल्यांच्या हाका, काकूंच्या मेथीवर घासाघीस करणाऱ्या बायका. मी त्यांच्याशेजारी बसून जुड्या बांधल्या. एका बाईनं सवयीनं विचारलंच, "लाल पानी नाई नं निंघत?" काकू म्हणाल्या, "हे मॅडम त्याच्यासाठीच आल्या कोल्हापुराहून," आणि बाईनं माझ्याकडं असं पाहिलं की मी जुडी आणखी घट्ट आवळली.

परत आलो तर अंगण ओळखू येईना. उद्या पाहुणे येणार होते ना. पाहुणे नाली बुजवायला येत असले तरी ते पाहुणेच. फरशी धुतलेली, भिंतीला चुन्याचा हात मारलेला, चुलीची राख काढलेली. आमच्याकडंही कुणी येणार म्हटलं की आई अंगण शेणानं सारवते. मला घरी आल्यासारखं वाटलं, आणि मी हसले. मग वास आला.

शमीमभाभींचा चेहरा फुललेला होता. त्यांनी खालच्या टाकीतून पेला भरून माझ्यापुढं धरला. पाणी स्वच्छ, नितळ, काचेसारखं. एवढ्या दिवसांत आम्ही त्याच्या जवळपासही गेलो नव्हतो.

"पाय, पाय! देखता देखता साफ झालं. डरमाले कसा बुरा शेवाळ आला व्हता. उद्या लोक पायतीन, मले शरम वाटली. मी ब्लीचिंग टाकून घासला अन् लाल पानी भरलं, त रंगच गायब!"

"म्हंजे एवढे दिवस कायले थांबलो आपन?" रशीदभाई म्हणाले. ते चिडवत होते की खरंच विचारत होते, मला कळलं नाही. ते दिवसभर फेटे पोचवायला बाहेर होते. त्यांनीही आत्ताच पाहिलं होतं.

मी पेला हुंगला. ब्लीचिंग पावडर रंग घालवतेच, ती त्यासाठीच असते. रंगाचा सांधा ती जिवाणूंपेक्षा कितीतरी लवकर फोडते. पण क्लोरीन मग त्या तुकड्यांनाच चिकटतं, आणि उरलेलं पिकाच्या मुळांना जाळतं. ते पाणी दिवसभर माझ्या पाइपातून, मण्यांमधून, थेंब थेंब गेलं होतं.

मला मोठ्यानं बोलता येईना. त्या बाईनं माझं काम देखणं दिसावं म्हणून कंबर मोडेस्तोवर घासलं होतं. मी एवढंच विचारलं, "भाभी, ब्लीचिंग घरात एरवी कशाला वापरता?"

"नालीत टाकतो मी. किडे मराले..." त्या बोलता बोलता थांबल्या. त्यांची नजर पाइपाकडं गेली. "या अल्ला. पाहुने मेले?"

"माहीत नाही भाभी."

कमलकाकूंनी शमीमभाभींच्या हातून पेला काढून घेतला आणि पाणी फरशीवर ओतलं. "आता रडून काय व्हते? सांग पोरी, काय कराचं?"

मी सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मण्यांच्या बाहेरच्या थरातले गेले असणार. गाभ्यातले वाचले असतील. आपण त्यांना मण्यात ठेवतो ते याही कारणानं. पण मी खात्री देऊ शकत नाही, बाळ." सरांनी मला बाळ म्हटल्याचं हे पहिल्यांदाच, आणि त्यानं माझा धीर जास्तच खचला.

तरी हात चालू ठेवायचे होते. मी रशीदभाईंना विचारलं की कापड ब्लीच केल्यावर रंगवण्याआधी कशात बुडवता. "हायपोत," ते म्हणाले, आणि लगेच समजून डबा घेऊनच आले. हायपो क्लोरीनला मारतं. पाइप, ड्रम, टाकी, सगळं हायपोच्या पाण्यानं आणि मग विहिरीच्या पाण्यानं धुतलं. मणी हातात घेतले. गोल, पांढरे, जसेच्या तसे. मला त्यांचा रागच आला.

शेवटी एका बाटलीत लाल पाणी आणि धुतलेले मणी भरले, दुसऱ्या तशाच बाटलीत नुसतं लाल पाणी. रात्रीच्या गारठ्यात रंग उतरला नसता. बाटल्यांना ऊब हवी होती. शमीमभाभींनी विचारलंही नाही. दोन्ही घेतल्या, ओढणीत गुंडाळल्या, पोटाशी धरल्या आणि चुलीजवळ जाऊन बसल्या.

दोन बादल्या

उजाडताना मी बाहेर आले तेव्हा त्या तिथंच होत्या. मी बाटल्या उजेडात धरल्या. बदल दिसत होता, की मला हवा होता म्हणून दिसत होता? मी कोणती कुठली ते न सांगता दोन्ही त्यांच्यापुढं केल्या.

"हा उतरला," त्यांनी एका बाटलीवर बोट ठेवलं. "थोडासाच. पन उतरला."

ती मण्यांची बाटली होती.

मी पाइप पुन्हा सुरू केला, अगदी मंद, गुळाचं पाणी देऊन. पाहुणे यायच्या वेळेपर्यंत खाली जे जमलं ते गुलाबी होतं. लाल नाही, पण कुणीही बघून रंगीतच म्हणावं असं. आणि शेजारी एक दुसरी बादली उभी होती. कालचं ब्लीचिंगनं नितळ झालेलं पाणी रशीदभाईंनी टाकून दिलं नव्हतं.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "दोन बादल्या हायेत. कोनती दाखवाची ते तुमी सांगा. तुमी म्हनसान ते मी मानीन."

मला हे लिहिताना असं म्हणायला आवडलं असतं की मी क्षणभरही विचार केला नाही. मी केला. नितळ बादली दाखवली तर नाली वाचत होती, हंडे चालू राहत होते, सर खूश होत होते, आणि गुलाबी पाण्याचं नंतर बघता आलं असतं. मी नालीपलीकडं पाहिलं. कमलकाकू मेथीत वाकल्या होत्या. नितळ पाणी सगळ्यात आधी त्यांच्याच वाफ्यात जाणार होतं, आणि तेही सगळ्यांच्या संमतीनं.

"दोन्ही दाखवा," मी म्हणाले. रशीदभाईंनी मान हलवली. त्यांचा चेहरा उतरला हे मला दिसलं.

खालच्या मळ्यांतले काही जण आले, बरोबर त्या भागाचे नगरपालिकेतले जुने मेंबर. शमीमभाभींनी चहा दिला. मी काय झालं ते सगळं सांगितलं, फक्त ब्लीचिंग कुणी टाकलं ते सांगितलं नाही, तर शमीमभाभी स्वतःच दारातून म्हणाल्या, "मी टाकलं."

मेंबर दोन्ही बादल्यांकडं बघत होते. "म्हंजे साफ पानी खराब हाय, अन् खराब पानी चांगलं हाय? बाई, तुमी शिकल्या-सवरल्या, आमाले यडं समजता का?"

"दोन्हीतलं पाणी अजून चांगलं नाही," मी म्हणाले. "पण एकीतलं पाणी चांगलं होऊ शकतं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवू नका. मेथी पेरून बघा."

आमच्या प्रयोगशाळेत पाण्याचं विष असंच तपासतात, दाणे उगवतात का ते बघून. मी पिशवीतून आणलेली मेथीदाण्यांची पुडी काढली. कमलकाकूंनी ती माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवली.

"तुही पुडी नको. माह्या बियाची उगवन मले मालूम हाय." त्या घरी जाऊन आपल्या बियाण्याचा डबा घेऊन आल्या. शमीमभाभींनी ताटल्या आणल्या, रशीदभाईंनी न रंगवलेल्या फेट्याच्या चिंध्या. एका ताटलीत विहिरीचं पाणी, एकीत हंड्यातलं लाल, एकीत नितळ, एकीत गुलाबी. काकूंनी दाणे पेरले, तेही बाजारात जुडीवर पाणी शिंपडतात तशा सराईत हातानं, आणि मेंबरकडं वळल्या. "नाली माह्या वाफ्याले लागून हाय. माह्याच वाफ्याचं सांगतो: दाने उगोतवर हात नाई लावाचा कोनी."

"अन् तवरक पानी?"

"नालीत एक थेंब जानार नाई," रशीदभाई म्हणाले. "खड्ड्यात सोडीन. खड्डा भरला तर काम बंद ठेवीन."

मेंबर चहाचा पेला खाली ठेवून उठले. "दाने उगोतवर," ते म्हणाले. हो म्हणाले की धमकावलं, मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशीचं माझं परतीचं तिकीट होतं. दाण्यांना अजून नुसती ओल लागली होती.

आजऱ्यात

येताना बरणी रिकामी होती. मणी सगळे तिकडं ठेवून आले. तरी सवयीनं ती मांडीवरच घेतली. शमीमभाभींनी तिच्यात ज्वारीच्या लाह्या भरून दिल्या होत्या. वाटेत मी त्यातली एकही खाल्ली नाही. घरी आल्यावर वडिलांनी बरणी उजेडात धरून तडा गेलाय का ते बघितलं, आणि मग मला बघितलं.

फोन आला तेव्हा मी आईबरोबर तांदूळ निवडत होते. आधी फोटो, मग लगेच कमलकाकू.

"पायलं का व?"

फोटोत चारही ताटल्या ओळीनं होत्या. विहिरीच्या पाण्यावर हिरवं रान माजलेलं. लाल पाण्यावर एखाददुसरा कोंब, वाकलेला. नितळ पाण्याच्या ताटलीत दाणे फुगून तसेच राहिलेले, त्यांच्यावर बुरशी. आणि गुलाबी ताटलीत मेथी होती. विहिरीच्या निम्मीही उंच नाही, पण उभी होती.

"रशीदची मेथी अजून बुटकी हाय," काकू म्हणाल्या. "मेंबर पाहून गेले. म्हने, विहिरीच्या बरोबरीची व्हऊ द्या, मंग नालीत सोडा. तवरक खड्ड्यातच. पन बुजवत नाई."

"आणि रंगाचं काम?"

"निम्मे हंडे चालू हायेत. थांब, शमीम बोलते."

मला शमीमभाभींचं बोलणं नीट ऐकू येईना, कारण मी तो फोटो पुन्हा मोठा करून बघत होते. ताटल्यांच्या मागं अंगण दिसत होतं. फेट्यांचं गिऱ्हाईक आलेलं असावं; सतरंजी अंथरलेली, पेले मांडलेले, फरशी आरशासारखी, भिंतीला नवा चुना. आणि सगळ्याच्या मधोमध तो निळा ड्रम, वरपासून खालपर्यंत हिरव्या शेवाळानं बरबटलेला. त्याच्या गळ्याभोवती कुणी हात लावू नये म्हणून एक लाल ओढणी बांधली होती.

"भाभी, पाहुणे आलेत ना तुमच्याकडं?"

"आले नं. लगीनवाले हायेत, मोठे लोक. नाकाले पदर लावून बसले." पलीकडं कुणाला तरी चहा ओतल्याचा आवाज आला. "बसू दे. डरम नाई धुत मी."